आंतरजालाचा अतिवापर, किशोरवयीनांमधील

आंतरजाल म्हणजेच इंटरनेट ह्यावरील खेळ, करमणूक, समाजमाध्यमे, संदेशवहन इत्यादींचा वापर जेव्हा वापरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. झोप, अभ्यास, मैदानी खेळ व माणसांचा सहवास यांची जागा घेऊ लागतो. आणि त्यापासून होणारी हानी कळत असूनही चालूच राहतो, तेव्हा त्यास अतिवापर असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हा किशोरावस्थेचा काळ होय. शरीर, भावना व सामाजिक संबंध यांत ह्या काळात झपाट्याने बदल होत असल्यामुळे अतिवापराचा प्रश्न ह्या वयात विशेष तीव्रतेने जाणवतो. वापराला किती तास लागतात, ह्यावरून अतिवापर ठरविण्याची लोकांत प्रथा आहे. तथापि तासांची संख्या ही त्याची खरी कसोटी नव्हे. त्या तासांनी आयुष्यातील कोणती गोष्ट बाजूला सारली आणि थांबावयाचे ठरविल्यावर थांबता येते की नाही, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची ठरतात.

ऐतिहासिक आढावा : नव्या माध्यमामुळे तरुण पिढी बिघडेल ही भीती जुनी आहे. कादंबरी, बोलपट व दूरचित्रवाणी यांविषयी ती क्रमाने व्यक्त झाली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रातील घराघरांत दूरचित्रवाणी व अभ्यास यांचा वाद रंगू लागला. आंतरजालाच्या बाबतीत मात्र एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. चित्रपट संपत असे व दूरदर्शनचे प्रक्षेपण ठरावीक वेळी बंद होत असे. आंतरजालाला असा शेवट नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल-सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आरंभी ती महाग व मंदगती होती. पुढील दहा-बारा वर्षे शहरांतील मुलांचा तिच्याशी संबंध मुख्यतः सायबर कॅफेत येई व तेथे तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. ह्या व्यवस्थेत वापराला जागा, वेळ व पैसा यांची मर्यादा आपोआपच पडत असे. २०१६ नंतर चौथ्या पिढीची स्वस्त मोबाइल सेवा उपलब्ध झाली आणि ह्या तिन्ही मर्यादा जवळजवळ नाहीशा झाल्या. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. आदल्या वर्षापर्यंत मुलापासून दूर ठेवण्यात येणारे साधन त्याच्या हाती देणे हे पालकांचे कर्तव्यच ठरले. महाराष्ट्रातील शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. परंतु मधल्या दीड वर्षात जडलेली सवय अनेक घरांत मागे राहिली.

हे साधन आता केवळ शहरी राहिलेले नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ ह्या अहवालात (२०२४) १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सु. ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासाशी संबंधित कामासाठी करणाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी करणाऱ्यांचे ७६ टक्के होते. मुलींकडे स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कमी आढळले.

संज्ञा व निदान : आंतरजालाच्या ‘व्यसना’ची कल्पना प्रथम विनोदाने मांडली गेली, ही लक्षणीय गोष्ट होय. अमेरिकन मानसोपचारज्ञ आयव्हन गोल्डबर्ग (१९३४–२०१३) यांनी मनोविकारांच्या अधिकृत सूचीची नक्कल म्हणून १९९५ मध्ये ह्या काल्पनिक विकाराची लक्षणे लिहिली. तेव्हा आपल्याला हा विकार जडला आहे असे अनेकांनी त्यांना गांभीर्याने कळविले. पुढच्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग (१९६५–२०१९) यांनी ह्या विषयावरील निबंध टोराँटो येथील परिषदेत वाचला व नंतर २० प्रश्नांची एक कसोटी तयार केली. ह्या कसोटीची अनेक भाषांत भाषांतरे झाली असून भारतातील पाहण्यांतही तिचा वापर झाला आहे.

निरनिराळ्या कसोट्या व निरनिराळे गुणांक वापरल्यामुळे अतिवापराच्या प्रमाणाविषयी पाहण्यांच्या निष्कर्षांत फार मोठी तफावत आढळते. हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये ३१ देशांतील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा हे प्रमाण सरासरी ६ टक्के निघाले. एखाद्या शाळेतील निम्मी मुले ‘व्यसनी’ असल्याची वार्ता वाचताना कोणती कसोटी वापरली व गुणांकाची रेषा कोठे आखली, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. प्रश्नावलीत अधिक गुण मिळणे म्हणजे रोगनिदान नव्हे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ‘आंतरजालीय खेळांचा विकार’ अधिक संशोधनाची गरज असलेल्या अवस्थांत समाविष्ट केला. त्यासाठी नऊ लक्षणे दिली असून बारा महिन्यांच्या काळात त्यांपैकी किमान पाच आढळावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीस मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली व ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तीत ‘खेळविकार’ ही स्वतंत्र नोंद आहे. तिच्यानुसार (१) खेळण्यावरील ताबा सुटणे, (२) इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम मिळणे व (३) दुष्परिणाम दिसत असूनही खेळणे चालू ठेवणे, ही तीन लक्षणे असावी लागतात. त्यांमुळे वैयक्तिक, कौटुंबिक, शैक्षणिक वा सामाजिक जीवनात ठळक बिघाड झालेला असावा आणि हा क्रम सामान्यतः बारा महिने चाललेला असावा, अशी अपेक्षा आहे. आंतरजालाचे वा समाजमाध्यमांचे सर्वसाधारण ‘व्यसन’ मात्र ह्या दोन्ही सूचींत स्वतंत्र विकार म्हणून अंतर्भूत नाही.

ही कसोटी व्यवहारात कशी लागू होते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी दिवसाचे सहा तास पडद्यासमोर बसते. परंतु ती वेळेवर झोपते, मैत्रिणींना भेटते आणि परीक्षा संपताच तिचा वापर कमी होतो. दुसरा मुलगा केवळ दोन तास खेळतो. परंतु ते मध्यरात्रीनंतरचे दोन तास असतात, त्यांसाठी तो घरी खोटे बोलतो, सकाळी शाळेत पेंगतो आणि खेळ सोडण्याचे त्याचे स्वतःचे प्रयत्न वारंवार फसतात. तासांच्या हिशेबाने पहिले उदाहरण गंभीर वाटेल. प्रत्यक्षात मदतीची गरज दुसऱ्यास आहे.

किशोरावस्थेशी संबंध : मेंदूतील सुखद अनुभवांना प्रतिसाद देणारी यंत्रणा पौगंडावस्थेत लवकर उत्तेजित होऊ लागते. त्यामानाने आवेगांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, परिणामांचा विचार करणाऱ्या अग्रललाट भागाची वाढ सावकाश होते व ती विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. समवयस्कांच्या मताला ह्या वयात असाधारण महत्त्व येते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (१९०२–९४) यांनी ‘मी कोण’ ह्या प्रश्नाचा शोध हेच किशोरावस्थेचे मुख्य कार्य मानले आहे [⟶ किशोरावस्था]. हा शोध पूर्वी शाळा, आळी, तालीम व नातेवाईक यांच्या परिचित वर्तुळात होई. आज त्याचा मोठा भाग अशा ठिकाणी होतो, जेथे आपल्याविषयीची पसंती आकड्यांत मोजली जाते व ती सर्वांना दिसते. गावाकडचा किंवा बुजरा मुलगा तेथे समान आवडीचे मित्र मिळवू शकतो, शंका विचारू शकतो, कलागुण दाखवू शकतो. हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु तुलना, उपहास व वगळले जाण्याची भीती हीदेखील तेथे अहोरात्र बरोबर असतात.

माध्यमांची रचना : अतिवापर हा केवळ मुलाच्या दुर्बल इच्छाशक्तीचा परिणाम मानणे योग्य नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत असे दाखविले, की प्रत्येक वेळी बक्षीस मिळण्यापेक्षा ते अनिश्चित अंतराने मिळाले, तर वर्तन अधिक चिवटपणे टिकून राहते. जुगारी यंत्रे ह्याच तत्त्वावर चालतात. समाजमाध्यमे व अनेक खेळ यांतही पुढचा संदेश, पुढची पसंती वा पुढचे बक्षीस केव्हा मिळेल हे आधी कळत नाही. खाली सरकवीत गेले तरी न संपणारी पाने, एक चित्रफीत संपताच आपोआप सुरू होणारी दुसरी चित्रफीत, वेळोवेळी येणाऱ्या सूचना आणि एक दिवस चुकल्यास मोडणारी साखळी ह्या योजना वापरणाऱ्यास खिळवून ठेवण्यासाठीच असतात. कारण जाहिरातींवर चालणाऱ्या व्यवसायात वापरणाऱ्याचे लक्ष हाच विक्रीचा माल असतो. ह्या रचनेशी तेरा वर्षांच्या मुलाने एकट्याच्या निग्रहाने सामना करावा ही अपेक्षा अवाजवी होय.

परिणाम : अतिवापराचा सर्वांत स्पष्ट परिणाम झोपेवर होतो. किशोरवयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ उशिरा सरकते. तरीही १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते आणि शाळेची वेळ तर बदलत नाही. रात्री अंथरुणात वापरलेला मोबाइल झोपेला दोन प्रकारे बाधक ठरतो : त्यातील मजकूर मन उत्तेजित ठेवतो व पडद्याचा प्रकाश झोपेशी संबंधित मेलॅटोनीन ह्या संप्रेरकाचे स्रवण लांबवितो. अपुऱ्या झोपेमुळे चिडचिड, उदासीनता, एकाग्रतेचा अभाव व अभ्यासात घसरण ही लक्षणे उद्भवतात. त्यांवर उतारा म्हणून मुलगा पुन्हा मोबाइलकडेच वळतो, असे चक्र सुरू होते. शारीरिक हालचालींचा अभाव, डोळ्यांवरील ताण, मान व पाठ दुखणे, लघुदृष्टीत वाढ हे इतर परिणाम होत. आंतरजालावरील छळ, अश्लील मजकूर, फसवणूक व पैशांचे खेळ यांपासून होणारे धोके वेगळे मोजावे लागतात. छळ होत असल्याचे सांगितले, तर फोनच काढून घेतला जाईल ह्या भीतीने मुले, विशेषतः मुली, पुष्कळदा गप्प राहतात. त्यामुळे शिक्षेचा धाक हाच मदतीच्या मार्गातील अडथळा होतो.

कार्यकारणभाव : अतिवापरामुळे औदासीन्य व चिंता उद्भवतात, की आधीच उदास व एकाकी असलेली मुले आंतरजालाकडे ओढली जातात, ह्याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मार्टफोनाधिष्ठित बालपण हे किशोरवयीनांच्या ढासळत्या मनःस्वास्थ्याचे प्रमुख कारण असल्याचे प्रतिपादिले. उलटपक्षी ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमी ऑर्बेन व अँड्रू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण करून २०१९ मध्ये असे दाखविले, की त्यांच्या स्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०·४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. दोन्ही मतांचा विचार करताना सरासरी व व्यक्ती यांतील भेद विसरता कामा नये. बहुसंख्य मुलांवर होणारा परिणाम अल्प असला, तरी थोड्या मुलांची हानी मोठी असू शकते. लक्ष केंद्रित न होण्याचा विकार, सामाजिक भीती, घरातील कलह, शाळेतील अपयश किंवा छळ ह्या गोष्टी अशा मुलांच्या बाबतीत बहुधा आधीपासून आढळतात.

घाईने काढलेल्या निष्कर्षाचे उदाहरण म्हणून २०१७ मधील ‘ब्लू व्हेल’ प्रकरणाचा निर्देश करता येईल. मुलांना आत्मनाशास प्रवृत्त करणाऱ्या ह्या नावाच्या तथाकथित खेळाची भीती त्या वर्षी महाराष्ट्रासह देशभर पसरली व किशोरवयीनांच्या अनेक मृत्यूंचा संबंध वृत्तपत्रांनी त्याच्याशी जोडला. केंद्र शासनाने नेमलेल्या समितीस तपासलेल्या घटनांत ह्या खेळाचा सहभाग सिद्ध झाल्याचे आढळले नाही. खेळावर बोट ठेवले, की मुलाच्या मनातील मूळ दुःख शोधण्याचे काम राहून जाते, हा ह्या प्रकरणाचा धडा होय.

जागेचा प्रश्न व कसबा पेठ : मुलाच्या मनाच्या व साधनाच्या रचनेइतकाच, मुलाला अन्यत्र जावयास जागा आहे काय, हा ह्या समस्येचा भाग आहे. पुण्याच्या मध्यवस्तीतील कसबा पेठेच्या उदाहरणावरून हे ध्यानात येईल. मुठा नदीच्या काठची ही पेठ पुण्याची मूळ वस्ती मानली जाते. ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेली तांबट आळी ही तिची ओळख होय. येथील जुनी घररचना वाड्यांची होती. मध्ये चौक व त्याभोवती ओसरी व बिऱ्हाडे अशा ह्या रचनेत चौकात खेळणारी मुले एकाच वेळी अनेक बिऱ्हाडांच्या नजरेखाली असत. मुलाचे काही बिनसले, तर ते आईवडिलांच्या आधी एखाद्या शेजारच्या आजीच्या लक्षात येण्याचा संभव असे. ह्या जीवनाचा गौरव करताना त्यातील गैरसोयी, गर्दी व खासगीपणाचा अभाव हेही विसरून चालणार नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे जमीनदोस्त झाले. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या जागी पुढील दशकांत बहुमजली इमारती आल्या. चौकाचे काम वाहने उभी करण्याच्या जागेने घेतले आणि अरुंद रस्ते रहदारीने भरून गेले. मुलाला बाहेर पाठवावे तर वाहनांचे भय, घरात ठेवावे तर खोल्या लहान, अशा स्थितीत मोबाइल पालकांची अडचण तात्पुरती सोडवितो : मूल शांत व नजरेसमोर राहते. मुलाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. दोन खोल्यांच्या घरात, आजी-आजोबा व भावंडे यांच्या सहवासात राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामुलीस स्वतःची म्हणता येईल अशी एकच जागा असते व ती म्हणजे हातातला पडदा. तो हिसकावून घेणे म्हणजे एक वस्तू काढून घेणे नव्हे, तर त्याची खोली काढून घेणे होय. त्यावर उसळणारा संताप म्हणूनच नेहमी व्यसनाचा पुरावा मानता येत नाही.

जुन्या पेठांत ह्यावरील उपायांची बीजेही आहेत. तालमी, ग्रंथालये व १८९३ पासूनची सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा यांमुळे आळीतील मुलांना एकत्र आणणाऱ्या संस्था येथे अगोदरपासून अस्तित्वात आहेत. उत्सवाच्या आधी काही आठवडे नदीकाठी ढोलताशा पथकांचा सराव चालतो व त्यात मुलगेच नव्हे, तर मुलीही मोठ्या संख्येने भाग घेतात. ठरलेली वेळ, शरीराचे श्रम, ताल सांभाळण्यासाठी लागणारे अवधान, वडीलधाऱ्या वादकांचे मार्गदर्शन आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना, ह्या सर्व गोष्टी त्यात एकत्र येतात. आंतरजालावरील सामूहिक खेळात मुलगा नेमके हेच शोधत असतो. अनंत चतुर्दशीनंतर हा उपक्रम ओसरतो, ही त्याची मर्यादा होय. वर्षभर चालणारे व परीक्षेच्या गुणांशी न जोडलेले असे उपक्रम आळीपातळीवर उभे राहिले, तर मोबाइलला पर्याय देता येईल. पर्याय न देता केलेली बंदी सहसा टिकत नाही.

ग्रामपातळीवरील प्रयोग : महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ मध्ये केलेले प्रयत्न ह्या दृष्टीने उद्बोधक आहेत. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजविण्यास सुरुवात झाली. तो वाजताच घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद करावयाचे, मुलांनी अभ्यास वा वाचन करावयाचे आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजल्यावर हे बंधन संपावयाचे, अशी ही योजना होती. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी येथील ग्रामसभेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १८ वर्षांखालील मुलामुलींनी मोबाइल वापरू नये असा ठराव केला. दोन्ही ठरावांमागील कळकळ सारखीच असली, तरी त्यांची पद्धत भिन्न आहे. बांशीचा नियम केवळ मुलांसाठी होता. वडगावचा नियम थोड्या वेळापुरता, परंतु लहानथोर सर्वांसाठी होता. आईवडिलांचा मोबाइल बंद झाला म्हणजे मुलाला शिक्षा झाल्याची भावना होत नाही आणि सर्व मित्र एकाच वेळी दूर असल्यामुळे आपले काही हुकले ही रुखरुखही राहत नाही. एका घराने एकट्याने नियम पाळण्यापेक्षा सर्व आळीने तो पाळणे मुलाला सोपे जाते, हे ह्या प्रयोगाचे मर्म होय.

उपचार : बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) तंत्रसाधनांच्या निरोगी वापरासाठी २०१४ मध्ये देशातील पहिला विशेष उपचारविभाग सुरू केला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वर्तनात्मक व्यसनांसाठीचा विभाग २०१६ मध्ये सुरू झाला. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या मुक्तांगण ह्या संस्थेचे मूळ कार्य मद्य व मादक द्रव्ये यांच्या व्यसनमुक्तीचे आहे. अलीकडे मोबाइलच्या अतिवापरासंबंधीही ती मार्गदर्शन करते.

मादक द्रव्यांच्या व्यसनात संपूर्ण वर्जन हे ध्येय असते. आंतरजालाच्या बाबतीत ते शक्य नाही व इष्टही नाही. शिक्षण, बँकव्यवहार व नोकरी यांसाठी ते अटळ झाले आहे. म्हणून ताब्यात राहणारा वापर हे उपचारांचे ध्येय असते. प्रथम मुलाची व पालकांची स्वतंत्रपणे मुलाखत घेऊन औदासीन्य, चिंता, अवधानविषयक विकार, शाळेतील छळ यांची तपासणी करतात. नंतर बोधात्मक वर्तनोपचाराच्या साहाय्याने कोणत्या वेळी, कोणत्या भावनेतून हात मोबाइलकडे जातो, ह्याची नोंद मुलाकडूनच ठेवविली जाते व त्या प्रसंगी दुसरे काय करता येईल हे ठरविले जाते. कुटुंबोपचारात घरातील संवाद व आईवडिलांच्या स्वतःच्या सवयी यांचा विचार होतो [⟶ मानसोपचार]. ह्या विकारासाठी सर्वमान्य असे औषध नाही. सोबतचा विकार आढळल्यास मात्र औषधांची गरज लागते. मूल अनेक दिवस शाळेत जात नाही, मित्रांना टाळते, झोप वा जेवण सोडते, मोबाइल बाजूला ठेवल्यास हिंसक होते किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलते, तेव्हा विनाविलंब तज्ञाचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो व तो मराठीतूनही मिळू शकतो.

कायदे व नियंत्रण : दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत आंतरजालीय खेळ बंद केले. तो नियम मुख्यतः संगणकावरील खेळांना लागू होता. मुले मोबाइलकडे वळल्यामुळे तो निष्प्रभ ठरून २०२२ च्या आरंभी रद्द झाला. चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालील मुलांचा खेळ शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीचे दिवस यांतील एकेका तासापुरता मर्यादित केला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारतात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली असून त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती देणे यांस मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने करण्याची तरतूद आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या आंतरजालीय खेळांवर बंदी घालणारा अधिनियम संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. ह्या कायद्यांमुळे जबाबदारीचा काही भाग मुलाकडून साधने निर्माण करणाऱ्यांकडे सरकला, ही त्यांची महत्त्वाची बाजू होय.

प्रतिबंध : भारतीय बालरोगतज्ञ अकादमीने दोन वर्षांखालील बालकांना पडद्यापासून दूर ठेवावे, दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तासाची व पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांची कमाल मर्यादा असावी, असे सुचविले आहे. किशोरवयीनांसाठी मात्र तिने तासांपेक्षा समतोलावर भर दिला असून झोप, मैदानी खेळ, अभ्यास व कुटुंबाचा सहवास यांना वेळ दिल्यावर उरलेला वेळ पडद्यासाठी, असे सूत्र स्वीकारले आहे. जेवताना व झोपताना मोबाइल दूर ठेवणे, रात्री सर्वांचे मोबाइल शयनगृहाबाहेर एका ठिकाणी ठेवणे, अनावश्यक सूचना बंद करणे आणि वापराचे नियम मुलांशी चर्चा करून ठरविणे, हे उपाय घरात सहज अंमलात आणता येतात. नियम वडीलधाऱ्यांनीही पाळावे लागतात. स्वतः मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या पालकाच्या उपदेशाचा मुलावर परिणाम होत नाही. चोरून पाळत ठेवल्यास विश्वास नष्ट होतो व अडचणीच्या प्रसंगी मूल घरी येऊन काही सांगेनासे होते. अतिवापर रोखणारे सर्वांत प्रभावी साधन मुलाला काय झाले हे मोकळेपणाने सांगता येईल असे एक तरी माणूस त्याच्या घरात, शाळेत किंवा आळीत असणे, हेच होय.